सोडतेस ना?

त्या आठवड्यात ताई खुर्चीत बसली ती नावालाच. दोन ओळी टाइप करायच्या, उठायचं, खिडकीशी जायचं, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघायची, परत यायचं, पाण्याची बाटली उघडायची आणि न पिताच बंद करायची. शेजारी बसणाऱ्यांनी आधी चौकशी केली, मग थट्टा केली, आणि शेवटी कानात हेडफोन घालून तिचा नाद सोडला. तिला काही विचारायला जाणं म्हणजे स्वतःच्या पायानं आगीत जाणं, हे त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपनी दवाखान्यांसाठी मॉनिटर बनवायची. रुग्णाच्या उशाशी टांगलेलं असतं ना, त्यावर हिरवी रेघ पळते, ठोक्यांचा आकडा दिसतो आणि काही बिनसलं की अलार्म वाजतो, तेच. नवं मॉडेल एका दवाखान्यात, एका वॉर्डात, चाचणीसाठी लावलं होतं. पहिले काही दिवस मॉनिटर गुणी बाळासारखे वागले. मग एकेक सुस्तावायला लागला. रेघ अडकत अडकत पळायची, आणि एके दिवशी पडदाच काळा. यंत्र आपलं आपण पुन्हा चालू व्हायचं खरं, पण तोवर खाटेवरच्या माणसाचं काय चाललंय हे कोणालाच कळायचं नाही. एका आजोबांचा पडदा असा गेला, तेव्हा सिस्टर योगायोगानं त्यांच्याच खाटेपाशी उभी होती म्हणून निभावलं. दवाखान्यानं सांगितलं, शुक्रवारपर्यंत कारण द्या, नाहीतर सगळे मॉनिटर परत घेऊन जा.

रोग काय, ते सगळ्यांना कळलं होतं. मेमरी संपत होती. आता हे कोणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात, मेमरी म्हणजे ती फोटो ठेवायची ना? नाही हो, ती नाही. ही काम करताना लागणारी जागा. स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. काम करायचं, भांडी उचलायची, ओटा मोकळा करायचा. कोणीतरी भांडी ठेवत होतं आणि उचलत नव्हतं. ओटा भरला की यंत्र ठप्प. याला ही मंडळी लीक म्हणतात, गळती. आणि प्रश्न एकच होता, गळती वरची की खालची?

या कंपनीत 'वरचे' आणि 'खालचे' अशा दोन जाती होत्या. यंत्राच्या पोटात अगदी तळाशी कर्नल असतो. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणाकडून परत घ्यायची, हा सगळा कारभार त्याच्या हाती. त्याच्यावर बाकीचे प्रोग्राम चालतात, रेघ काढणारा एक, अलार्म वाजवणारा एक, असे. कर्नलवाले म्हणून खालचे, प्रोग्रामवाले म्हणून वरचे. गंमत अशी की खालचे बसायचे वरच्या मजल्यावर आणि वरचे खालच्या. नवीन आलेला माणूस जिन्यात हमखास चुकायचा, आणि दोन्हीकडचे त्याला पोटभर हसायचे.

ताई खालच्यांची प्रमुख. तिला ऑफिसात सगळे ताईच म्हणायचे, अगदी तिच्याहून मोठे असलेले पण, त्यामुळे तिची सख्खी धाकटी बहीण वर्षभरापूर्वी तिथं लागली तेव्हा तिला वेगळं काही म्हणावं लागलं नाही. ही धाकटी, घरातली छोटी, ऑफिसातही छोटीच झाली. ती वरच्यांत होती. मॉनिटरचा अलार्म वाजवणारा प्रोग्राम तिचा. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. व्हायची होती ती याच महिन्यात.

आता वरच्या प्रोग्रामांचं एक बरं असतं. एखाद्यानं कितीही उधळपट्टी करू दे, तो बंद केला की त्याच्या नावावरची सगळी मेमरी एका झटक्यात सरकारजमा. कर्नल काढून घेतो, विचारत बसत नाही. पण खुद्द कर्नलनंच घेतलेली मेमरी परत मागायला कोणीच बसलेलं नाही. तिथं सरकारच गळकं. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत ती गेली ती गेलीच. म्हणून खालच्यांना गळतीची धास्ती जास्त, आणि म्हणून ताईनं कर्नलमधली गळती शोधणारं हत्यार स्वतः बसवून घेतलं होतं. ते सगळी मेमरी विंचरून काढायचं आणि प्रत्येक तुकड्याला एकच गोष्ट विचारायचं, बाबा रे, तुझा पत्ता कोणाकडे आहे का? ज्याचा पत्ता कोणाकडेच नाही तो बेवारस. बेवारस म्हणजे गळती. ताईनं ते हत्यार चालवलं आणि उत्तर आलं, एकही बेवारस नाही. कर्नल स्वच्छ.

छोटीकडेही तिच्या बाजूचं हत्यार होतं. प्रोग्रामनं घेतलेला प्रत्येक तुकडा परत दिला की नाही, याचा ते पाढा वाचायचं. तेही म्हणालं, स्वच्छ. सोमवारी संध्याकाळी घरी छोटीनं तो निकाल ताईपुढे धरला. ताईनं त्यावर नजरसुद्धा धड टाकली नाही. वरची हत्यारं वरवरच बघतात, असं म्हणून तिनं आईसमोर सांगून टाकलं की लीक तुझ्याकडेच आहे, नीट शोध. छोटी निकाल घेऊन वळली. आई मात्र बोलली. ताईनं शब्द टाकून चिकटवलं आणि तू तिची मान खाली घालायला लावतेस, वगैरे. मग आईनं बोलणंच बंद केलं, जे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मंगळवारी साहेबांनी ताईला एकटीलाच खोलीत बोलावलं. साहेब भला माणूस, पण घाईत असलेला भला माणूस. त्यांनी विचारलं, गळती कुठली? ताई म्हणाली, वरची. नक्की का? नक्की. वरची म्हणजे कोणाची? ताईनं सांगितलं, अलार्मच्या प्रोग्रामची. साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, तो कोणाचा? त्यांना माहीत होतं, पण त्यांना ते ताईच्या तोंडून हवं होतं.

"छोटीचा," ताई म्हणाली.

साहेबांनी ठीक आहे म्हटलं आणि विषय तिथंच मिटला. ताई जिना चढून जागेवर आली आणि बसली, आणि लगेच उठली. तिची बेचैनी तिथून सुरू झाली.

तिनं स्वतःला बजावलं की खरं तेच सांगितलं. बहीण म्हणून पाठीशी घालणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि याचा तिला तोराही होता. मग छातीत हे काय टोचतंय? टोचत होता तो एक आकडा. छोटीच्या प्रोग्रामचं वजन. ते वाढत नव्हतं. ओटा भरत चाललाय आणि ज्याच्यावर आळ आहे त्याच्या हातात तर भांडीच नाहीत! ताईनं तो आकडा बुधवारी कितीदा उघडला आणि कितीदा बंद केला, देव जाणे. प्रत्येक वेळी ती मनात म्हणायची, असेल काहीतरी. असेल काहीतरी म्हणणाऱ्या पोरांना ती एरवी उभं-आडवं सोलून काढायची.

गुरुवारी सकाळी ती चाचणीच्या खोलीत गेली. तिथं भिंतीवर मॉनिटर ओळीनं टांगलेले, आणि खोटे हृदयाचे ठोके पाठवणारी पेटी प्रत्येकाला जोडलेली. त्या खोलीची एक रीत होती. एक फेरी संपली की प्लग काढायचा, यंत्र कोरं करायचं आणि नवी फेरी सुरू. स्वच्छ काम, नाव ठेवायला जागा नाही. पण त्यामुळे झालं काय, की नुसता प्रोग्राम बंद करून यंत्र तसंच चालू ठेवून कोणी कधी बघितलंच नव्हतं. प्लग काढला की वरचंही जातं आणि खालचंही. मग कोणाचं काय गेलं हे कसं कळणार?

ताईनं सगळ्यांत सुस्तावलेला मॉनिटर निवडला. प्लगला हात लावला नाही. फक्त छोटीचा अलार्मचा प्रोग्राम मारला, म्हणजे जागच्या जागी बंद केला. गळती त्याची असती तर त्याचं सगळं सरकारजमा होऊन मोकळ्या मेमरीचा आकडा टुणकन वर यायला हवा होता.

आकडा हलला नाही.

तिनं दुसऱ्या मॉनिटरवर केलं, मग तिसऱ्यावर. पोरं आत आली, तिचा चेहरा बघून आल्या पावली परत गेली. प्रोग्राम मेला होता, तेराव्याला जेवायलाही कोणी उरलं नव्हतं, आणि मेमरी तशीच अडकून पडलेली. म्हणजे ती त्याची नव्हतीच. ती खालची होती.

मग तिनं खाली हात घातला, स्वतःच्याच ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे ठोके पकडणाऱ्या भागाशी बोलणारा कर्नलचा तुकडा, आणि तो तिनं स्वतः लिहिलेला. अलार्म वाजला की हा ड्रायव्हर आधीच्या काही क्षणांची रेघ एका तुकड्यात साठवायचा, डॉक्टरांना मागाहून बघता यावी म्हणून. तुकड्याचा पत्ता आपल्या साखळीत अडकवायचा. वरचा प्रोग्राम ती रेघ वाचायचा, आणि वाचून झालं की ड्रायव्हरला कळवायचा, झालं माझं. मग ड्रायव्हर तो तुकडा मोकळा करायचा. ताईनं साखळी उघडली आणि बघतच राहिली. जितके अलार्म वाजले होते तितके तुकडे, एकाला एक लागून, सगळे साखळीत. प्रत्येकाचा पत्ता साखळीकडे होता. तिच्या हत्याराच्या लेखी त्यातला एकही बेवारस नव्हता. ते बेवारसच शोधणारं. ज्याला कोणी उगाच धरून बसलंय त्याला ते गळती म्हणतच नाही. इतकी साधी गोष्ट ताई दर वर्षी नव्या पोरांना शिकवायची.

तिचा पहिला राग तरीही छोटीवरच गेला. माणूस असाच असतो, काय करणार. कारण ताईनं छोटीला स्पष्ट विचारलं होतं, ड्रायव्हर लिहिताना, कँटीनच्या रांगेत ट्रे हातात धरून, की वाचून झाल्यावर तो तुकडा तू सोडतेस ना? आणि छोटी म्हणाली होती, हो, सोडते. ताईनं छोटीचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. 'झालं माझं' असं कळवणारी ओळ त्यात कुठेच नव्हती. कार्टी तोंडावर खोटं बोलली!

ती तरातरा दोन पायऱ्या एकदम घेत खालच्या मजल्यावर निघाली आणि जिन्यातच तिची चाल मंदावली. कारण एक गोष्ट तिला आठवली आणि ती आठवल्यावर रागाला धरायला काही उरलं नाही. वरच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा खालच्यांचा पहिला नियम. वरचा सोडतो म्हणाला तरी तो मरेल, विसरेल, खोटं बोलेल असं धरून खालच्यानं आपल्या बाजूनं सफाई लिहायचीच. प्रोग्राम बंद झाला की साखळीतलं सगळं मोकळं करायचं, चार ओळींचं काम. परक्या पोरानं सोडतो म्हटलं असतं तर ताईनं त्या चार ओळी न चुकता लिहिल्या असत्या. छोटी म्हणाली म्हणून लिहिल्या नव्हत्या.

छोटीचं टेबल रिकामं होतं. कप नाही, शाल नाही, कीबोर्डही भिंतीकडे सरकवून ठेवलेला. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? तिनं काल दुपारी राजीनामा दिला. त्यानं ते अशा सुरात सांगितलं की ताईला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी छोटी अंथरुणातच होती, बरं वाटत नाही म्हणाली होती, आणि ताईनं दारातूनच बरं म्हणून चपला घातल्या होत्या.

साहेबांच्या खोलीत ती न विचारता शिरली. गळती खालची आहे, माझ्या ड्रायव्हरमध्ये, असं एका दमात सांगून मोकळी झाली. साहेबांनी पेन ठेवलं. मंगळवारी तुम्ही नक्की म्हणाला होतात, ते म्हणाले. ताई म्हणाली, चुकले. हा शब्द त्या खोलीत तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा. मग त्यांनी कामाचं विचारलं. दुरुस्ती कधी? आज. दवाखान्याला काय सांगू? खरं ते सांगा, माझ्या नावानिशी. आणि मग ताईनं विचारलं की छोटीला तुम्ही काय बोललात?

"काही बोलायची वेळच आली नाही," साहेब म्हणाले. "मी शुक्रवारी बोलावणार होतो. तिनंच कागद आणून ठेवला. मी म्हटलं, बरं झालं, तुमचाही अवघडलेपणा वाचला. अजून पुढे पाठवला नाहीये. तिला यायचं असेल तर येऊ दे."

ताईनं त्या चार ओळी दुपारीच लिहिल्या. संध्याकाळपर्यंत खोटे अलार्म वाजवून चाचणीच्या खोलीत नुसता कल्ला केला. आकडा खाली गेला की प्रोग्राम मारायचा, आणि आकडा परत वर. परत वर. मग तिनं छोटीच्या प्रोग्राममध्ये 'झालं माझं'ची ओळही घातली, आणि आकडा खाली जाईनासाच झाला. एरवी अशा वेळी ती सगळ्यांना चहा पाजायची. आज तिनं बॅग उचलली आणि घराची वाट धरली, आणि वाटेत कुठल्याच सिग्नलला तिला उभं राहवेना.

घरी आई स्वयंपाकघरात होती, पाठमोरी. छोटी आतल्या खोलीत पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ताईनं दार लोटून घेतलं. छोटीनं बसायला सांगितलं तरी ती बसली नाही, कपाटापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत राहिली. गळती खालची निघाली, माझी, आणि तुझा कागद साहेबांनी अजून पुढे पाठवलेला नाही, हे तिनं सांगितलं. छोटीनं नुसतं हं केलं. मग ताईला राहवलं नाही.

"पण तू सोडते म्हणाली होतीस. मी विचारलं होतं."

"सोडतेच की," छोटी म्हणाली.

"कुठे सोडतेस? सगळे तुकडे अडकून पडलेत."

"म्हणजे काय, आहे तिथं तसाच सोडते. वाचते आणि सोडते, हात लावत नाही. पहिल्या दिवशी तूच दम दिला होतास ना, खालच्या वस्तूला हात लावशील तर याद राख म्हणून. म्हणून तर मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, तू हात लावत नाहीस ना, हेच विचारतेयस."

ताई येरझारा घालायची थांबली. मोकळा करतेस ना, असं तिला विचारायचं होतं. छोटीनं ऐकलं होतं, जागच्या जागी राहू देतेस ना. शब्द एक, आणि दोघी आपापल्या परीनं खऱ्या. एका आईच्या पोटी जन्मून, एकाच घरात वाढून, एक शब्द दोघींना एकसारखा कळला नव्हता, आणि आजोबांचा पडदा काळा झाला होता. ताई पलंगाच्या कडेवर बसली.

"तुझं हत्यार स्वच्छ सांगत होतं," ती म्हणाली. "तुझ्याकडे पुरावा होता. मग राजीनामा का दिलास, वेडे?"

छोटीनं उशीचा कोपरा दुमडला, सरळ केला, परत दुमडला. ती म्हणाली की हत्यार काहीही सांगू दे, तू लीक माझ्याकडे आहे म्हणालीस. तू कधी चुकतेस का? तिनं दोन दिवस स्वतःचीच एकेक ओळ तपासली होती, तिला काही सापडलं नव्हतं, आणि आपल्याला सापडत नाही म्हणजे आपणच या कामाच्या लायकीचे नाही, अशी तिची खात्री पटली होती. हे ती इतक्या सरळपणे बोलली की ताईनं नजर खाली वळवली.

"आणि शुक्रवारी साहेब तुला विचारणार होते," छोटी म्हणाली. "लीक कोणाचं म्हणून. तुला त्यांच्यासमोर माझं नाव घ्यावं लागलं असतं. तुला ते जमलं नसतं ताई. म्हणून म्हटलं, आपणच आधी जावं."

बाहेर नळ चालू होता, तो बंद झाला. काही न सांगता ताईला निभावता आलं असतं. साहेब बोलले नव्हते, छोटीला कळायचं काही कारण नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकत्र ऑफिसला गेल्या असत्या. ताईच्या मनात हे सगळं येऊन गेलं, नाही असं नाही.

"मी घेतलं होतं तुझं नाव," ती म्हणाली. "मंगळवारीच. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं."

छोटीनं मान वर केली नाही. उशीचा कोपरा तसाच तिच्या मुठीत राहिला. तिनं विचारलं, लगेच सांगितलंस? ताई हो म्हणाली. छोटीनं पुन्हा विचारलं, जरासुद्धा थांबली नाहीस? आणि ताईला खरं आठवून सांगावं लागलं की नाही, थांबले नाही.

छोटी रडली असती तर बरं झालं असतं. तिनं उशी जागेवर ठेवली, पाय खाली सोडून बसली आणि अगदी कामाचं बोलावं तसं बोलली.

"सोमवारी येईन मी. नोकरी मला हवीय, काम मला आवडतं. पण यापुढे तू म्हणतेस म्हणून मी काही मानणार नाही. मला दाखवावं लागेल."

ताई हो म्हणाली. नव्या पोरांकडून तिला नेमकं हेच हवं असायचं, आणि आज ते तिला बहिणीकडून मिळालं.

"आणि आईला सांग," छोटी म्हणाली. "सोमवारपासून ती माझ्याशी धड बोललेली नाही."

साहेबांना सांगणं सोपं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात गेली, आत गेली, परत दारात आली. आईला कर्नल कळत नव्हता, ड्रायव्हर कळत नव्हता, आणि गेली कित्येक वर्षं ती शेजारणींना एवढंच सांगत आली होती की माझ्या थोरलीचं कधी चुकत नाही. आई गॅसवर दुधाचं पातेलं ठेवत होती. ताई म्हणाली, आई, ती चूक छोटीची नव्हती. माझी होती. आणि साहेबांना मी तिचं नाव सांगितलं, ती मात्र ते सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून नोकरी सोडून बसली होती.

आईनं वळून तिच्याकडे बघितलं. रागवेल, कपाळाला हात लावेल, काहीतरी म्हणेल, याची ताईनं वाट बघितली. आईनं पदराला हात पुसले.

"दूध बघ," ती म्हणाली आणि तिच्या शेजारून आतल्या खोलीकडे गेली.

खोलीचं दार उघडलं, आणि आईचा आवाज आला, अगदी हळू, काय म्हणाली ते कळलं नाही. मग छोटीचं रडणं, मघापासून न आलेलं. ताईला आत जावंसं वाटलं. पण तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि दूध बघायला सांगितलं होतं. ती गॅसपाशी उभी राहिली आणि पातेल्यावरून नजर न हलवता दूध बघत राहिली.